श्रम हवेत, संसार नको!
ब्रिटनमधील स्थलांतरितांचा कुटुंबहक्क आणि वकिलाचा प्रश्न

२४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्या व्यापार करारावर सह्या झाल्या. दोन्ही पंतप्रधानांनी एकमेकांची पाठ थोपटली आणि भांडवलदारी वृत्तपत्रांनी नव्या युगाचे चौघडे वाजविले. भारतातून ब्रिटनला जाणाऱ्या जवळजवळ सर्व मालावरील जकात उठणार, ब्रिटिश व्हिस्की आणि मोटारी आपल्या बाजारात स्वस्त होणार, आणि कंपन्यांनी तात्पुरत्या मुदतीसाठी धाडलेल्या नोकरदारांना तीन वर्षेपर्यंत दोन देशांत दुहेरी सामाजिक सुरक्षेची वर्गणी भरावी लागणार नाही, असे ठरले. मालाला वाट मिळाली, भांडवलाला वाट मिळाली.

याच समारंभाच्या अवघे दोन दिवस आधी, २२ जुलै २०२५ रोजी, याच ब्रिटिश सरकारने वृद्धांची व अपंगांची शुश्रूषा करणाऱ्या कामगारांची परदेशांतून नवी भरती बंद केली. हे दार २०२२ साली त्यांनीच उघडले होते, कारण कोविडच्या साथीनंतर ब्रिटनच्या वृद्धाश्रमांत काम करायला माणसे मिळेनाशी झाली होती. त्या दारातून केरळमधून, पंजाबमधून, आफ्रिकेतील अनेक देशांतून हजारो स्त्री-पुरुष गेले. परंतु ११ मार्च २०२४ पासून नव्याने जाणाऱ्या शुश्रूषा कामगाराला नवरा, बायको वा मुले सोबत नेण्यास मनाई झाली. दुसऱ्याच्या आईला अंघोळ घालण्यासाठी जी स्त्री हवी होती, तिचे स्वतःचे मूल मात्र त्या देशाला नको होते.

ही एखाद्या मंत्र्याची लहर नव्हे आणि एखाद्या खात्याचा निष्ठुरपणाही नव्हे. गेल्या साठ-पासष्ट वर्षांतील ब्रिटिश स्थलांतर कायद्याचे सूत्र पाहिले तर ते हेच आहे : श्रम हवेत, संसार नको. कामगार एकटा असला की तो स्वस्त पडतो. त्याच्या लहानपणाचा, शिक्षणाचा आणि म्हातारपणाचा खर्च त्याच्या गरीब मायदेशाने सोसायचा आणि त्याची उमेदीची वर्षे श्रीमंत देशाने वापरायची, हा या सूत्राचा आर्थिक अर्थ आहे. आणि हे सूत्र आज ज्या हत्याराने अमलात आणले जाते ते हत्यार केवळ बंदी हे नाही. कायद्यात हक्क ठेवायचा, पण तो बजावण्यासाठी लागणारा वकील गरिबाच्या हाती लागू द्यायचा नाही, हे त्याहून परिणामकारक हत्यार आहे. या लेखाचा विषय तोच आहे.

बोलावणारेही तेच, दार लावणारेही तेच

१९४८ च्या ब्रिटिश नागरिकत्व कायद्याने साम्राज्यातील व राष्ट्रकुलातील प्रजेला ब्रिटनमध्ये येण्याची व राहण्याची मोकळीक होती. युद्धाने मोडलेल्या ब्रिटनला ओतशाळांत, कापडगिरण्यांत, बसगाड्यांवर आणि रुग्णालयांत माणसे हवी होती. जालंधर व होशियारपूर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांची मुले बर्मिंगहॅमच्या आणि साउथॉलच्या कारखान्यांत रात्रपाळ्या करू लागली. गरज भागत आली तेव्हा १९६२ च्या कायद्याने नोकरीच्या व्हाउचरची अट आली. पुढे केनियातील भारतीय वंशाच्या लोकांवर तेथून बाहेर पडण्याची वेळ आली, आणि त्यांच्या हातात ब्रिटनचाच पासपोर्ट होता. तेव्हा १९६८ साली मजूर पक्षाच्या सरकारने तीन दिवसांत संसदेची दोन्ही सभागृहे उरकून नवा कायदा केला. ज्याचा बाप वा आजा ब्रिटनमध्ये जन्मलेला, त्याला मुक्त प्रवेश. ज्याचा नाही, त्याच्यासाठी रांग. त्या संपूर्ण समूहाला वर्षाकाठी १,५०० कुटुंबप्रमुखांपुरती व्हाउचरे देऊ करण्यात आली. कायद्यात 'गोरा' हा शब्द कोठेही नव्हता. तो घालण्याची गरजच नव्हती. आजोबांच्या जन्मस्थळानेच रंगाची निवड होत होती. १९७१ च्या कायद्याने याच भेदाला कायमचे स्वरूप दिले.

कामगारांचे दार अशा रीतीने बंद झाल्यावर उरले ते आधी गेलेल्यांच्या बायकामुलांचे दार. १ जानेवारी १९७३ पूर्वी ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या राष्ट्रकुलातील पुरुषांच्या बायकामुलांचा हक्क कमी केला जाणार नाही, असे वचन १९७१ च्या कायद्यातच लिहिलेले होते. कायद्यातील वचन मोडणे अवघड, म्हणून प्रथम ते कचेरीत मोडले गेले. प्रवेशपत्रासाठी महिनोन्‌महिने, कित्येकांना वर्षानुवर्षे, रांगेत ठेवणे. नवरा-बायकोला वेगवेगळ्या खोल्यांत बसवून घरात म्हशी किती, लग्नाच्या पंगतीला माणसे किती असले प्रश्न विचारणे. उत्तरांत तफावत आढळली की 'हे पतिपत्नी नव्हेत' असा शेरा मारणे. मुलांचे वय ठरविण्यासाठी त्यांच्या हाडांची क्ष-किरण तपासणी करणे : ही सारी सत्तरीतील सरकारी पद्धती होती. शेवटी १९८८ च्या कायद्याने ते वचनही काढून टाकण्यात आले.

या पद्धतीचा कळस १९७९ च्या आरंभी जगापुढे आला. लग्नासाठी लंडनला आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची हीथ्रो विमानतळावर 'कौमार्य तपासणी' करण्यात आल्याचे वृत्तपत्रांतून बाहेर पडले. आपल्या देशात संतापाची लाट उसळली, संसदेत आवाज उठला. असे क्वचितच घडले, असा पवित्रा ब्रिटिश सरकारने तेव्हा घेतला. पुढे २०११ साली संशोधकांनी सरकारी दप्तरांतूनच दाखवून दिले, की सत्तरीच्या उत्तरार्धात अशा तपासण्या झालेल्या स्त्रियांची संख्या किमान ८० होती आणि भारतातील ब्रिटिश कचेऱ्यांतही हा प्रकार चाललेला होता. सभ्यतेचे धडे जगाला देणाऱ्या राज्याने एका स्त्रीच्या देहाला प्रवेशपत्राचा कागद मानले, एवढे नमूद केले की पुरे.

न्यायालयात जिंकले तरी काय होते, याचेही उदाहरण घेण्यासारखे आहे. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेला पुरुष बायकोला आणू शकत होता, पण स्त्रीला नवऱ्याला आणताना अडथळे होते. तीन स्त्रियांनी हा भेद युरोपीय मानवी हक्क न्यायालयात नेला आणि १९८५ साली त्या जिंकल्या. सरकारने निकालाचा मान कसा राखला? स्त्रियांना पुरुषांएवढी मोकळीक दिली नाही. उलट पुरुषांनाही स्त्रियांएवढ्याच अडथळ्यांत ढकलले. आपण परस्परांशी लग्न केले त्यामागे ब्रिटनमध्ये शिरण्याचा प्रमुख हेतू नव्हता, हे सिद्ध करण्याची जबाबदारी आता दोघांवर सारखीच आली. जे मनात नव्हते ते नव्हते, याचा पुरावा माणसाने कोठून आणावा? हा नियम १९९७ पर्यंत टिकला आणि त्या काळात भारतीय उपखंडातील असंख्य विवाह त्याच्या चरकात पिळून निघाले.

वकील मिळाला तो चळवळीतून

अशा कायद्यापुढे एकट्या माणसाचे काय चालणार? म्हणूनच स्थलांतरित कामगारांनी अगदी आरंभापासून कायद्याच्या मदतीचा प्रश्न संघटनेचा प्रश्न मानला. १९३८ साली कॉव्हेंट्री येथे जन्मलेली आणि पन्नाशीत पुन्हा उभी राहिलेली इंडियन वर्कर्स असोसिएशन संपाची सभा भरवीत असे आणि त्याच टेबलावर पासपोर्टचे व प्रवेशपत्रांचे अर्जही भरून देत असे. इंग्रजी न वाचता येणाऱ्या ओतशाळेतील कामगाराला ही मदत दया म्हणून मिळत नव्हती. वर्गणी भरणारा सभासद म्हणून मिळत होती. १९६७ साली साउथॉल येथे स्थलांतरितांच्या कल्याणासाठी संयुक्त मंडळ स्थापन झाले आणि विमानतळावर अडविलेल्या कुटुंबांची प्रकरणे ते लढवू लागले. साउथॉलच्या असोसिएशनचे नेते आणि ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाचे कार्यकर्ते विष्णू शर्मा हे या कामातील अग्रणींपैकी एक होते. १९७० साली लंडनच्या नॉर्थ केन्सिंग्टन वस्तीत पहिले लॉ सेंटर उघडले. गरीब वस्तीत, रस्त्यावरच्या दुकानाच्या गाळ्यात, सार्वजनिक पैशातून पगार घेणारा वकील बसू लागला. मागे १९४९ च्या कायदेविषयक साहाय्य कायद्याचा आधार होता. तो कायदाही कोणी दानात दिलेला नव्हता. युद्धोत्तर काळात ब्रिटिश कामगारवर्गाने मिळविलेल्या हक्कांपैकी तो एक होता.

या मदतीचे मोल दोन प्रसंगांवरून ध्यानात येईल. रॉचडेल येथील अन्वर दित्ता ही स्वतः ब्रिटनमध्ये जन्मलेली कामगार स्त्री. तिची तीन मुले पाकिस्तानात मागे राहिली होती. ती मुले तिची नव्हेतच, असे गृहखात्याने ठरविले, आणि अपिलातही ती हरली. मग युनियनच्या शाखा, स्त्रियांच्या संघटना, आशियाई तरुणांचे गट यांनी सभा आणि मोर्चे यांनी उत्तर इंग्लंड दणाणून सोडले. एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या खर्चाने रक्ततपासणी झाली आणि १९८१ साली तीनही मुले आईकडे पोहोचली. कचेरीने जे 'असंभवनीय' ठरविले होते ते रक्ताच्या थेंबाने खरे ठरविले; पण तो थेंब तपासायला लावला तो चळवळीने.

दुसरा प्रसंग विज्ञानाच्या इतिहासात नोंदला गेला आहे. घानाहून लंडनमध्ये आईकडे परत आलेल्या एका मुलाला अधिकाऱ्यांनी अडविले. तो तिचा मुलगाच नव्हे, असा त्यांचा संशय. हॅमरस्मिथ व फुलहॅम येथील लॉ सेंटरच्या वकील शिओना यॉर्क यांनी लेस्टर विद्यापीठातील ॲलेक जेफ्रीज यांच्या नव्या शोधाची बातमी वाचून त्यांना पत्र लिहिले. १९८५ साली जेफ्रीज यांनी आई, मुलगा आणि भावंडे यांच्या रक्तातून नाते निर्विवाद सिद्ध केले. गुन्हेगार पकडण्यासाठी जगप्रसिद्ध झालेल्या डीएनए ठशांचा व्यवहारातील पहिला उपयोग असा झाला : एका गरीब आईला तिचे मूल मिळवून देण्यासाठी. आणि तो झाला कारण त्या वस्तीत फी न मागणारी, वर्तमानपत्र वाचून विचार करणारी एक वकील बसलेली होती. ती नसती तर?

२०१३ : वकील काढून घेतला

ते 'नसती तर' सरकारने १ एप्रिल २०१३ रोजी प्रत्यक्षात आणले. २०१२ च्या कायद्यान्वये, बँकांनी ओढवलेल्या अरिष्टाची भरपाई जनतेकडून करून घेण्याच्या काटकसरीच्या नावाखाली, इंग्लंड व वेल्समध्ये स्थलांतरविषयक बहुतेक प्रकरणांतून सरकारी कायदेसाहाय्य उठविण्यात आले. आश्रय मागणारे, स्थानबद्ध केलेले, घरगुती अत्याचाराला बळी पडलेले अशा काही अपवादांना ते उरले. परंतु नवऱ्याचा व्हिसा, आईवडिलांचा प्रवेश, मुलाचे वास्तव्य, कुटुंब म्हणून एकत्र राहण्याचा हक्क : या साऱ्यांसाठी आता खिशातून पैसा मोजा, नाहीतर एकट्याने लढा. 'अपवादात्मक' साहाय्याची एक खिडकी ठेवण्यात आली खरी. पण ती इतकी चिंचोळी होती की २०१४ साली अपील न्यायालयालाच सरकारचे निकष बेकायदा ठरवावे लागले. सोबत नसलेल्या एकट्या मुलांना हे साहाय्य परत मिळायला २०१९ उजाडले.

आता वेळेचा योग पाहा. जुलै २०१२ मध्ये कुटुंबविषयक नियम पार बदलून अधिक किचकट करण्यात आले आणि नऊ महिन्यांच्या आत त्या नियमांतून वाट दाखविणारा वकील काढून घेण्यात आला. भिंत उंच करायची आणि त्याच वेळी शिडी पळवायची, याला योगायोग म्हणता येत नाही.

ती भिंत किती उंच? २०१२ साली परदेशी जोडीदार आणू इच्छिणाऱ्याला वार्षिक १८,६०० पौंड उत्पन्नाची अट घालण्यात आली. ११ एप्रिल २०२४ पासून ती २९,००० पौंड झाली. त्याच महिन्यात ब्रिटनमध्ये प्रौढ कामगाराचे कायदेशीर किमान वेतन होते ताशी ११.४४ पौंड. आठवड्याला ४० तास, वर्षाचे ५२ आठवडे, एकही दिवस बिनपगारी रजा न घेता राबणाऱ्या कामगाराची त्या दराने कमाई होते २३,७९५ पौंड. म्हणजे सरकारने स्वतःच जे वेतन माणसाला जगायला पुरेसे म्हणून ठरविले, त्या वेतनावर पूर्णवेळ खपणारा माणूस संसार करायला नालायक, असे त्याच सरकारने ठरविले! मात्र बँकेत ८८,५०० पौंडांची शिल्लक सहा महिने दाखविता आली, तर उत्पन्नाची अट पुरी झाल्याचे मानले जाते. प्रेमाची कसोटी येथे बँकेच्या पासबुकावर लागते.

पुढे शुल्क. २०२४ च्या दरांनी परदेशातून येणाऱ्या जोडीदाराच्या अर्जाला १,८४६ पौंड आणि आरोग्य अधिभार दर वर्षाला १,०३५ प्रमाणे तीन वर्षांचा ३,१०५ पौंड. पहिल्या पावलालाच ४,९५१ पौंड. मुदत संपली की पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क; कायम वास्तव्यासाठी आणखी, नागरिकत्वासाठी आणखी. ब्रिटनमध्येच जन्मलेल्या, तेथेच वाढलेल्या मुलाची नागरिक म्हणून नोंद करण्यासाठी गृहखाते १,०१२ पौंड उकळीत होते. त्या कामाचा प्रत्यक्ष प्रशासकीय खर्च होता ३७२ पौंड. मुलाच्या हक्कावर नफा! मुलांच्या हिताचा विचार न करता हे शुल्क ठरविले, म्हणून ते बेकायदा असल्याचा निकाल २०१९ साली उच्च न्यायालयाने दिला, २०२१ साली अपील न्यायालयाने तो कायम केला, तेव्हा कोठे २०२२ मध्ये न परवडणाऱ्यांना माफी मिळाली. हा लढा मुलांच्या वतीने एका संघटनेने दिला. एकटे कुटुंब तो देऊ शकले असते काय?

आणि वृद्ध आईवडील? २०१२ च्या नियमांनुसार त्यांना दैनंदिन शुश्रूषेची गरज असली पाहिजे, आणि शिवाय ती शुश्रूषा मायदेशी, मुलाने पैसे पाठवूनसुद्धा, मिळू शकत नाही हे सिद्ध झाले पाहिजे. ज्याच्यापाशी पैसे नाहीत त्याला 'पोसणार कशाने?' म्हणून नकार; ज्याच्यापाशी आहेत त्याला 'तिकडेच माणूस ठेवा' म्हणून नकार. ब्रिटनच्या रुग्णालयांत जन्मभर सेवा केलेल्या भारतीय डॉक्टरांनाही या कोड्यातून सुटका मिळालेली नाही.

जेथे वकील नाही, तेथे दलाल

सरकारी साहाय्य गेल्याने गरज नाहीशी होत नाही. तिच्याभोवती बाजार उभा राहतो. ब्रिटनमध्ये नोंदणी वा पात्रता नसताना स्थलांतरविषयक सल्ला देणे हा १९९९ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरीही भूमिगत सल्लागार पोसले जातात, कारण फी न घेणारा अधिकृत वकील गाठण्यासाठी शेकडो मैल फिरावे लागते आणि अर्जाची मुदत दिवसांवर असते. शुश्रूषा कामगारांचा अनुभव तर सर्वश्रुत आहे. मायदेशी दलालाने लाखो रुपये घेऊन नोकरीचा परवाना विकला. तिकडे पोहोचल्यावर नोकरीच नव्हती, किंवा मालकाचा परवाना रद्द झाला. आणि मग नवा मालक शोधायला ६० दिवस. या साठ दिवसांत ज्या माणसाला सर्वांत निकडीने वकिलाची गरज आहे, त्याच्याच नावापुढे 'साहाय्यास अपात्र' असा शेरा आहे.

हा अंधार आपल्या अगदी जवळ, गोव्यातही दिसला. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज राजवटीत जन्मलेल्या गोमंतकीयांना व त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालची नागरिकत्व-नोंदणी खुली असल्याने, ब्रिटन युरोपीय संघात असेतो हजारो जण त्या पासपोर्टवर स्विंडनच्या गोदामांत व लंडनच्या उपनगरांत कामाला गेले. लिस्बनमध्ये नोंद झाली की भारतीय नागरिकत्वाचे काय होते, बायकोचा दर्जा काय, मुलांचा काय, हे गुंतागुंतीचे प्रश्न पणजी-मडगावातील दलालांच्या टेबलावर सुटत, वा न सुटता राहत. ३१ डिसेंबर २०२० रोजी ब्रिटनमधील मुक्त संचार संपला. आधी गेलेल्यांना अर्जासाठी ३० जून २०२१ ची मुदत मिळाली. ज्यांना वेळीच योग्य सल्ला मिळाला त्यांचे वास्तव्य टिकले. ज्यांना मिळाला नाही, ते दोन पासपोर्टांच्या मध्ये लोंबकळत राहिले.

वकिलाविना माणसाचे काय होते, हे पाहण्यासाठी २०१८ साली उघडकीस आलेले 'विंडरश' प्रकरण पुरेसे आहे. लहानपणी, कायदेशीर हक्काने, कॅरिबियन बेटांतून व इतर वसाहतींतून आलेली माणसे पन्नास वर्षे तेथे राबली. आणि २०१४ व २०१६ च्या कायद्यांनी मालकाला, घरमालकाला, बँकेला कागद तपासण्याचे काम लावून दिल्यावर एकाएकी 'बेकायदा' ठरली. नोकऱ्या गेल्या, उपचार नाकारले गेले, काहींना तर देशाबाहेर घालविण्यात आले. सरकारने माफी मागितली, २०१९ साली भरपाईची योजना काढली. आणि त्या भरपाईच्या अर्जासाठीही कायदेसाहाय्य दिले नाही!

दोन युक्तिवाद

या व्यवस्थेच्या समर्थनार्थ दोन युक्तिवाद केले जातात. पहिला तेथला : करदात्याने परक्यांच्या संसाराचा आणि त्यांच्या वकिलांचा भार का सोसावा? पण करदाता कोण? परदेशी कामगार पहिल्या पगारापासून आयकर भरतो, सामाजिक विम्याची वर्गणी भरतो, आणि त्याच आरोग्यसेवेसाठी वेगळा अधिभारही भरतो. एकाच सेवेचे मोल त्याच्याकडून दोनदा घेतले जाते. शिवाय कुटुंबाच्या नियमांचा फटका केवळ परक्यांना बसत नाही. परदेशी व्यक्तीशी विवाह केलेला, किमान वेतनावरचा जन्मजात ब्रिटिश कामगारही त्याच २९,००० च्या भिंतीवर आपटतो. श्रीमंताचे लग्न जगात कोठेही होऊ शकते. गरिबाचे लग्न सरहद्दीवर अडते. प्रश्न वर्गाचा आहे, आणि वंशाचा भेद त्याला वर्गाइतकाच घट्ट चिकटलेला आहे.

दुसरा युक्तिवाद आपल्या इथला, सुखवस्तू मध्यमवर्गाचा : ती माणसे स्वतःच्या हौसेने गेली, त्यांचे गाऱ्हाणे आपण का ऐकावे? ज्यांना हे विचारावेसे वाटते त्यांनी रिझर्व्ह बँकेची पाहणी वाचावी. २०२३-२४ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी मायदेशी पाठविलेल्या पैशांत ब्रिटनचा वाटा १०.८ टक्के होता, आणि तो पैसा मिळविणाऱ्या राज्यांत २०.५ टक्क्यांसह महाराष्ट्र पहिला होता, १९.७ टक्क्यांसह केरळ दुसरा. पैसा आला की ते 'राष्ट्राचे राजदूत'. व्हिसा नाकारला की 'हौसेने गेलेले'!

आपल्या सरकारांचे धोरण यापेक्षा फारसे निराळे नाही. दूतावासांतील सेवांवर आकारलेल्या छोट्या शुल्कांतून, म्हणजे बव्हंशी परदेशस्थ भारतीयांच्याच पैशांतून, २००९ साली भारतीय समुदाय कल्याण निधी उभारण्यात आला. गरजूंना कायदेशीर मदत हा त्याच्या उद्दिष्टांपैकी एक आहे. मग लंडन, बर्मिंगहॅम व एडिंबरो येथील आपल्या कचेऱ्यांत कुटुंबप्रकरणांसाठी वकिलांचे नियमित पॅनेल का असू नये? व्यापार कराराच्या टेबलावर व्हिस्कीच्या जकातीची टक्केवारी वर्षानुवर्षे घासली गेली. शुश्रूषा कामगाराच्या मुलाचा प्रश्न त्या टेबलावर किती मिनिटे होता? आणि हेही स्पष्ट म्हटले पाहिजे, की ज्या राज्यकर्त्यांच्या अमलाखाली ३१ ऑगस्ट २०१९ रोजी आसामच्या नागरिक नोंदणीतून सुमारे १९ लाख माणसे वगळली गेली, एकाच घरातील बाप आत आणि लेक बाहेर अशी नोंद झाली, आणि पिढ्यांचे कागद सादर करण्याचा भार गरिबावर टाकला गेला, त्यांच्या तोंडी परदेशातील भारतीयांच्या हक्कांची भाषा शोभत नाही. कागदाचे ओझे गरिबाच्या डोक्यावर आणि वकील श्रीमंताच्या दारी, ही रीत थेम्सकाठी अन्याय असेल तर ब्रह्मपुत्रेकाठीही अन्यायच आहे.

मार्ग एकच

१८७४ साली मुंबईत जन्मलेले शापुरजी सकलातवाला लंडनच्या बॅटरसी या कामगार मतदारसंघातून ब्रिटिश संसदेवर निवडून गेले आणि १९२४ ते १९२९ ते तेथे कम्युनिस्ट खासदार म्हणून बसले. १९२७ साली त्यांनी भारताचा दौरा केला. त्यानंतर त्यांना पुन्हा भारतात येऊ देण्यास साम्राज्याने बंदी केली. साम्राज्याचा कायदा करणाऱ्या सभागृहाचा सभासद आपल्या जन्मगावी येऊ शकत नव्हता! पासपोर्ट आणि परवाना ही राज्यकर्त्या वर्गाच्या हातातील शस्त्रे आहेत, याचा याहून बोलका दाखला नाही. पण त्याच इतिहासाची दुसरी बाजूही आहे : बॅटरसीच्या इंग्रज कामगारांनी मुंबईच्या माणसाला आपला प्रतिनिधी केले होते. १९७६ ते १९७८ या काळात ग्रनविकच्या फोटो कारखान्यात जयाबेन देसाई आणि त्यांच्या आशियाई सहकारी स्त्रिया संपावर उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या पिकेटिंगला यॉर्कशायरचे खाणकामगार आले. तो संप हरला. ती एकजूट हरली नाही.

त्या एकजुटीपुढे आजचे काम स्पष्ट आहे. कुटुंबप्रकरणांतील कायदेसाहाय्य पूर्ववत झाले पाहिजे. उत्पन्नाची अट रद्द झाली पाहिजे; निदान ती किमान वेतनाच्या वर असता कामा नये. अर्जाचे शुल्क प्रत्यक्ष खर्चापेक्षा एक पेनीही जास्त नसावे. शुश्रूषा कामगारांना कुटुंब आणण्याचा हक्क परत मिळाला पाहिजे. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत कायम वास्तव्यासाठी लागणारी वर्षे पाचावरून दहावर नेण्याचा जो प्रस्ताव मजूर पक्षाच्या सरकारने मांडला, त्याला ब्रिटिश युनियनांनी स्वतःच्या सभासदांवरील हल्ला मानून विरोध केला पाहिजे, कारण दहा वर्षे ज्याचे राहणे मालकाच्या सहीवर अवलंबून आहे तो कामगार संपावर जाताना शंभरदा विचार करील, आणि त्याच्या त्या भीतीची किंमत शेजारच्या इंग्रज कामगारालाही मोजावी लागेल. आपल्याकडील कामगार संघटनांनी भरती-दलालांविरुद्ध आणि कल्याण निधीतून वकील मिळण्यासाठी सरकारला जाब विचारला पाहिजे.

चांगला वकील गाठा, सारे ठीक होईल, असा सल्ला सुखवस्तू माणूस सहज देतो. सल्ला खोटा नाही. फक्त त्याची किंमत त्याने सांगितलेली नसते. ज्या काळी ती किंमत संघटनेने आणि सार्वजनिक तिजोरीने भरली, त्या काळी गरीब आईला तिचे मूल मिळाले. तो काळ कोणी बहाल केला नव्हता. साउथॉलच्या, रॉचडेलच्या, बर्मिंगहॅमच्या कष्टकऱ्यांनी तो लढून आणला होता. तो परत आणावयाचा तर मार्गही तोच आहे.